तीन वर्षांच्या मुदतीत न मावणारं संशोधन : अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनला खुलं पत्र

प्रति,
मा. सदस्य, नियामक मंडळ,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी कराडला महाविद्यालयात उपयोजित गणित शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. हे पत्र लिहिण्याचं कारण थेट सांगतो. देशात संशोधनाला पैसा कसा द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार २०२३ च्या कायद्यानं आपल्या संस्थेकडे आला आहे. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करण्याचा आराखडा आहे आणि त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यायचा आहे. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच पैसा आपण आजवर संशोधनावर घालत आलो, तेव्हा ही रक्कम उमेद वाढवणारी आहे. माझी विनंती या रकमेच्या आकाराबद्दल नाही, मुदतीबद्दल आहे. बहुतेक अनुदानं तीन वर्षांची असतात, फार तर पाच. काही कामं या मुदतीत बसतच नाहीत, आणि नेमकी तीच कामं नंतर माणसांचे जीव वाचवतात. त्यांच्यासाठी या पैशातला ठरलेला हिस्सा दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीनं बाजूला काढावा. आणि या हिश्श्यातल्या प्रकल्पांत गणिती, डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसलेले असावेत.

असं का म्हणतो, ते सांगायला मला कोयनेपासूनच सुरुवात करावी लागेल.

१९६२ मध्ये कोयना धरणात पाणी अडवायला लागले आणि खोऱ्यात हादरे जाणवू लागले. तोवर सह्याद्रीचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं शांत समजला जायचा. लोकांच्या तक्रारी आल्या, वर्तमानपत्रांत छापून आलं, म्हणून धरणाच्या आसपास भूकंपमापक बसवले गेले. धरणाच्या आत, पायाजवळच्या गॅलरीतही जमिनीचा प्रवेग नोंदणारं एक यंत्र होतं. ते बसवणाऱ्यांना त्या वर्षी दाखवण्यासारखं काही मिळालं नसेल. पुढच्या वर्षीही नसेल. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. माझ्या वयाच्या प्रत्येक पाटणकराला ती पहाट आठवते.

त्या पहाटे गॅलरीतलं यंत्र चालू होतं. त्यानं काढलेली नागमोडी रेघ आज जगभरच्या धरण अभियंत्यांना ‘कोयना रेकॉर्ड’ म्हणून ठाऊक आहे. गुरुत्वीय प्रवेगाच्या सहा दशांशाहून जास्त झटका त्या रेघेत आहे. काँक्रीटची भिंत हादऱ्यात कुठे तडकेल हे सांगणारं गणित कुणीही रचलं, की तो ते आधी कोयनेवर चालवून बघतो : १०३ मीटर उंचीची आमची भिंत, त्या पहाटेची आमची रेघ, आणि प्रत्यक्षात पडलेल्या भेगा. गणितानं दाखवलेली भेग आणि खरी भेग जुळली तर पुढे जायचं. परदेशातल्या नावाजलेल्या अभियांत्रिकी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत कोयना धरण हे सोडवून दाखवलेलं उदाहरण आहे. इथल्या मुलांना मी ते वर्गात दाखवायचो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नसे, की पर्यटनाला जातो ते हे धरण जगाच्या पाठ्यक्रमात आहे.

आता विचार करा. त्या यंत्राच्या देखभालीचा खर्च कुठल्या प्रकल्पाच्या कोणत्या रकान्यात बसला असता? तीन वर्षांनी अहवाल मागितला असता तर ‘काही घडलं नाही’ एवढंच लिहावं लागलं असतं. देखभाल थांबली असती, तर ती रेघ जगाला मिळालीच नसती.

कोयनेत पुढे जे घडलं तेही याच धीराचं आहे. इथे भूकंप होत राहिले. पाचहून जास्त तीव्रतेचे वीस-बावीस, चारच्या वरचे दोनशेच्या घरात, आणि लहान हादरे तर हजारोंनी. १९८५ मध्ये वारणेच्या धरणात पाणी साठू लागलं आणि १९९३ च्या सुमारास हादऱ्यांचा जोर तिकडे, दक्षिणेला सरकला. साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात हे सगळं घडतं, फारसं खोल नाही आणि आजूबाजूला दुसरं भूकंपक्षेत्र नाही. धरणाच्या पाण्यामुळे सुरू झालेले भूकंप इतकी वर्षं, इतक्या छोट्या जागेत, इतके नियमित होत असलेली दुसरी जागा जगात मिळणं अवघड. डॉ. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दशकानुदशकं लावून धरलं. २०११ मध्ये हैदराबाद आणि कोयनेला आंतरराष्ट्रीय बैठक झाली, आधी दीड-दीड किलोमीटरच्या शोधविहिरी झाल्या आणि २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोलीची पथदर्शी विहीर पूर्ण झाली. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी भूविज्ञान मंत्रालयाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

शोधविहिरींतून काढलेले खडकाचे गाभे मी पाहिलेत. मनगटाएवढ्या जाडीच्या लांब कांड्या, खोक्यांत ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर खोलीचा आकडा. वरून खाली बघत गेलं की काळा बेसाल्ट, मधेच दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यातला विटकरी थर, परत काळा, परत विटकरी. लहानपणापासून घाटात पाहिलेला हाच दगड, पण त्याच्या तळाचा ठाव कुणाला नव्हता. गोठण्याच्या विहिरीत तो १२४७ मीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा कठीण खडक लागला. वरचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि खालचा अडीचशे कोटी वर्षांहून जुना. भूकंप होतात ते या जुन्या खडकात. आणि त्या तीन किलोमीटर खोलीपर्यंत सापडलेलं पाणी पावसाचं निघालं. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस भेगांमधून तिथवर उतरतो.

ही गोष्ट समजली तेव्हा मी फळ्याकडे गेलो. सवयच आहे. पाण्याचा थेंब खाली पोचायच्या कितीतरी आधी पाण्याचा दाब खाली पोचतो, आणि तो दाब भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून किंचित उचलून धरतो. आधीच ताणलेली भेग मग सरकते. दाब खडकातून कसा पसरतो त्याचं समीकरण फुरिये या फ्रेंच गणितीनं उष्णतेसाठी मांडलं, तेच आहे. त्यात एक ढोबळ नियम दडलेला आहे : अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. भेगाळलेल्या खडकासाठी दाब पसरण्याचा गुणांक सेकंदाला एक चौरस मीटर धरला, तर पाच किलोमीटर खोल जायला अडीच कोटी सेकंद लागतात, म्हणजे साडेनऊ महिने. दहा किलोमीटरसाठी तीन वर्षांहून जास्त. खडक जरा घट्ट असला, गुणांक दहापट कमी असला, की तीस वर्षं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला करता येईल असा हा हिशोब आहे. यंदा श्रावणात भरलेल्या धरणाचा परिणाम दहा किलोमीटर दूरच्या भेगेवर दिसायच्या आधी तीन वर्षांच्या प्रकल्पाची मुदत संपलेली असते. निसर्गातल्या या घटनेचं घड्याळच आपल्या अनुदानाच्या घड्याळापेक्षा हळू चालतं, आणि ते आपल्याला बदलता येणार नाही.

हेच गणित, वेगळ्या खोलीवर, सह्याद्रीच्या उतारांचं आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. तिथेही मातीच्या आणि झिजलेल्या दगडाच्या पोटात पाण्याचा दाब वाढला आणि उतार सुटला. गुळाच्या ढेपेत पाणी मुरत जातं आणि बाहेरून ती तशीच दिसते, तसं या उतारांचं आहे. कुठल्या वाडीच्या डोक्यावर, किती दिवसांच्या किती पावसानंतर धोका, हे सांगायचं तर त्या उतारात दाब मोजणारे पायझोमीटर पुरून अनेक पावसाळे नोंदी घ्याव्या लागतात. एका पावसाळ्याच्या नोंदीवर कुठलंही गणित उभं राहत नाही. दोन पावसाळ्यांवरही नाही.

आता हृदयाकडे येतो. वाचणाऱ्याला वाटेल, डोंगर सोडून हे कुठे निघाले. पण मला या दोन्हींत एकच अडचण दिसते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. खोली शांत असली की तिच्याजवळ बसणाऱ्याला ती ऐकू येते, घड्याळासारखी टिक टिक. लहानपणी घसा सुजून ताप आला होता, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्या जंतूविरुद्ध शरीरानं उभं केलेलं सैन्य स्वतःच्याच हृदयाच्या झडपेवर उलटलं. याला संधिवाताचा हृदयविकार म्हणतात आणि तो गरिबीचा, दाटीच्या घरांचा आजार आहे. झडप आकसत गेली, लग्नानंतर पहिल्या बाळंतपणात धाप लागू लागली आणि मग शस्त्रक्रिया करावी लागली. तिच्या हृदयात बसवलेली झडप तिरुवनंतपुरमची, चित्रा झडप. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला आयुष्यभर घ्यायची आहे आणि त्यासाठी रक्ताची तपासणी वेळोवेळी करायला हवी. पण ती जगते आहे, शेतात जाते आहे.

ही झडप कशी झाली, हे आपल्या मंडळानं एकदा बारकाईनं पाहावं अशी माझी विनंती आहे. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी सत्तरच्या दशकात हे काम हाती घेतलं. परदेशी झडपा गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेर होत्या. अभियंता जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. गोल चौकट आणि तिच्यात कलती होणारी तबकडी, एवढीच रचना. पण हृदय मिनिटाला सत्तर वेळा धडधडतं असं धरलं, तर तबकडी दिवसाला लाखभर वेळा उघडमीट करते, वर्षाला पावणेचार कोटी वेळा, आणि ती कित्येक वर्षं टिकायला हवी. एका नमुन्यात वेल्डिंगचा जोड तुटला. दुसऱ्यात टायटॅनियमची चौकट झिजू लागली. पुढच्या नमुन्यात कृत्रिम नीलमण्याची तबकडी वापरली, इतकी कठीण की झिजणारच नाही अशी, आणि ती प्राण्यावरच्या चाचणीत फुटली. मग चौकट कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची आणि तबकडी अति उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे एका प्लास्टिकची, झाली. मऊ तबकडी, कठीण चौकट. ही जोडी टिकली. ६ डिसेंबर १९९० ला पहिल्या रुग्णाला ती बसवली गेली. पुढे तंत्रज्ञान टीटीके उद्योगसमूहाकडे गेलं आणि आजवर लाखाहून अधिक लोकांच्या हृदयात ही झडप बसली आहे. डॉ. वलियाथन २०२४ च्या जुलैत गेले.

सुरुवातीपासून पहिल्या रुग्णापर्यंत बारा वर्षांहून अधिक काळ गेला. तीन नमुने बाद झाले आणि चौथा चालला. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की प्रत्येक वेळी टीमनं स्वतःच चाचणीवरून निर्णय घेऊन नमुना बाद केला. नीलमण्याची तबकडी फुटली तेव्हा ‘एकच तर फुटली’ असं म्हणून कुणी पुढे रेटलं नाही. आणि त्या वेळी वर बसलेल्यांनी पैसे बंद केले नाहीत. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणा होता म्हणून ती झडप झाली. आज एखाद्या तरुण संशोधकानं तीन वर्षांनी ‘आमचा नमुना फुटला, का फुटला ते आम्हाला नीट कळलं आहे’ असा अहवाल दिला, तर त्याला पुढचं अनुदान मिळेल का? मिळणार नाही असं वाटलं तर तो असाच प्रकल्प मागेल, ज्याचं उत्तर त्याला आधीच माहीत आहे.

आमच्याकडे याच्या उलट बाजूचं उदाहरणही आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात जगाच्या बरोबरीनं काम केलं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचे स्नायू थेट आतल्या रक्तावर पोसले जातात. ते पाहून माणसाच्या आजारी हृदयाच्या भिंतीत सुईनं बारीक वाटा पाडल्या तर रक्त पोचेल का, हा विचार त्यांनी १९६५ मध्ये मांडला. १९६८ च्या फेब्रुवारीत त्यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. सुईच्या जागी लेसर वापरून तो विचार पुढे अमेरिकेत चालवला गेला आणि १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्या यंत्रांना परवानगी दिली. त्या वाटा नंतर बुजतात असं आढळलं आणि पद्धतीवर आजही वाद आहे, हे मान्य. पण तो वाद परळमध्ये, आपल्याच प्रयोगशाळेत लढला गेला असता तर आपल्या हृदयशल्यविशारदांची एक पिढी त्यातून घडली असती. आपल्याकडचं पहिलं यशस्वी हृदयरोपण व्हायला १९९४ साल उजाडलं. त्याला कायद्याची आणि औषधांची कारणं होतीच. पण मधल्या सव्वीस वर्षांत जे शिकता आलं असतं ते राहून गेलं.

आता माझ्या विषयाबद्दल, म्हणजे गणिताबद्दल. या पत्रातली माझी सगळ्यात मनापासूनची मागणी इथे आहे.

हृदयाच्या झडपेभोवती रक्त कसं वाहतं हा प्रश्न गणितात फार अवघड होता. झडपेची पाकळी रक्ताला ढकलते आणि रक्त पाकळीला ढकलतं, दोघंही एकाच वेळी हलतात. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या चार्ल्स पेस्किन या तरुणानं वैद्यकीय महाविद्यालयात बसून त्याची एक नवी रीत काढली. पाकळीच्या आकाराची जाळी दर क्षणी नव्यानं विणण्याऐवजी पाकळी म्हणजे रक्तात पसरलेली बळं आहेत असं धरायचं आणि रक्ताची जाळी चौकोनी, स्थिर ठेवायची. ही रीत नंतर माशाच्या पोहण्यापासून रक्ताच्या गुठळीपर्यंत शेकडो प्रश्नांना लागू झाली. एक गणिती हृदयाच्या डॉक्टरांमध्ये बसला, म्हणून हे घडलं.

आपल्याकडे अशी बुद्धी नव्हती असं कुणी म्हणू नये. राजस्थानातल्या कोटा शहरात जन्मलेले गणिती प्रभुलाल भटनागर हार्वर्डला गेले असताना ग्रॉस आणि क्रुक यांच्याबरोबर त्यांनी १९५४ मध्ये वायूतल्या रेणूंच्या टकरींचं एक सोपं प्रारूप मांडलं. परत येऊन १९५६ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उपयोजित गणिताचा विभाग उभा केला. त्या प्रारूपावर बेतलेली संगणकीय पद्धत नव्वदच्या दशकात आली आणि आज तिच्यानं दोन गोष्टी नेहमी मोजल्या जातात : रक्तवाहिनीतलं रक्त आणि खडकाच्या छिद्रांतलं पाणी. ज्या दोन प्रश्नांबद्दल मी वर इतका वेळ लिहितो आहे, ते दोन्ही. तेही १९५४ च्या एका लेखातून.

आणि दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी माणूस त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. गोव्यातल्या कोसबेन गावी जन्म, हार्वर्डचं शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. त्या फर्ग्युसनच्या काळात, १९४३ मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. अनियमित, नागमोडी, गोंगाटानं भरलेल्या संकेताची फोड मोजक्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या मूळ आकारांत कशी करायची, हे त्यात आहे. पहिल्या दोन-चार आकारांत बहुतेक सगळी माहिती येते आणि उरलेलं सोडून देता येतं. तीन-चार वर्षांनी फिनलंडमध्ये कार्हुनेन आणि फ्रान्समध्ये लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडलं. जग आज बहुतेक वेळा त्या दोघांचंच नाव घेतं. अलीकडे कुठे कुठे कोसंबींचं नाव आधी जोडलं जातं.

फर्ग्युसनमध्ये ते लिहिलं गेलं तेव्हा ते वापरता येईल असा संगणक पृथ्वीवर नव्हता. चार-पाच दशकांनी ही फोड भूकंपलहरींच्या नोंदीतला गोंगाट काढायला वापरली जाऊ लागली. त्याच सुमारास हृदयाच्या विद्युत आलेखातून, म्हणजे ईसीजीतून, स्नायूला रक्त कमी पडत असल्याची सुरुवातीची खूण पकडायलाही तिचा वापर सुरू झाला. कोयनेच्या भूकंपमापकाची रेघ आणि आयसीयूतल्या पडद्यावरची रेघ, दोन्हींसाठी एकच प्रमेय. १९४३ मध्ये कोसंबींनी आपल्यासारख्या एखाद्या मंडळाकडे अर्ज केला असता आणि त्यात ‘अपेक्षित उपयोग’ असा रकाना असता, तर त्यात ते काय लिहिणार होते?

म्हणून काही गोष्टी मागतो. पहिली, नोंदींना पैसा. कोयना-वारणेचं भूकंपमापकांचं जाळं, विहिरींतली उपकरणं, डोंगरउतारांतले पायझोमीटर यांना प्रकल्प न मानता कायमची व्यवस्था मानावं आणि दर तीन वर्षांनी त्यांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न उभा करू नये. हृदयाच्या झडपांचंही तसंच : झडप बसवलेल्या रुग्णांची वीस वर्षांची नोंद सगळ्या रुग्णालयांतून एका पद्धतीनं ठेवायला लागेल तो पैसा द्यावा. बाजारात नवी झडप आणणाऱ्या कंपनीला निधी मिळेल, पण बसवून पंधरा वर्षं झालेल्या झडपेचं काय झालं हे पाहायला कुणी पैसा देत नाही, आणि रुग्णाला तर तेच हवं असतं.

दुसरी, आणि माझ्यासाठी ही सगळ्यांत महत्त्वाची : गणिताच्या माणसाला रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत जागा द्या. पाहुणा म्हणून नको, पगारी, दहा वर्षांसाठी. आज उपयोजित गणितात डॉक्टरेट करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा असतात. एक बँकेची किंवा सॉफ्टवेअर कंपनीची, दुसरी परदेशाची. ‘मला केईएममध्ये झडपेभोवतीच्या रक्ताचं गणित करायचं आहे’ असं त्यातल्या एखादीला वाटलं, तर तिनं अर्ज कुठे करावा? पुण्यात आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत परम ब्रह्म महासंगणक आहे. हजारमाचीला खडकाचे गाभे आहेत. मुंबईत हजारो रुग्णांचे ईसीजी आहेत. पाच-सहा तासांच्या रस्त्यावर हे सगळं आहे, आणि त्यांना जोडणारं एकही पद नाही. पद निर्माण करणं आपल्या हातात आहे.

तिसरी गोष्ट अपयशाची. मुदत लांब दिली तर पैसा वाया जाईल ही भीती मला समजते, लोकांचा पैसा आहे. मग दर दोन वर्षांनी तपासा, कडक तपासा. पण विचारा हे, की तुम्ही काय शिकलात, तुमची चाचणी प्रामाणिक होती का, फसलेल्या नमुन्याची नोंद दुसऱ्याला वाचता येईल अशी ठेवली आहे का. किती लेख छापले आणि किती पेटंटं घेतली यावर थांबू नका. चित्रा झडपेच्या टीमला या प्रश्नांची उत्तरं बाराही वर्षं देता आली असती.

केंद्रानं २०२५ मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची आणखी एक योजना मंजूर केली आहे. ती मुख्यतः बाजाराच्या जवळ आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे, आणि ते चांगलंच आहे, त्या टप्प्यावरही पैसा लागतो. पण त्यामुळे आपल्या मंडळावरची जबाबदारी वाढते. बाजारापासून दूर असलेल्या, अजून उपयोग न सापडलेल्या कामाला आता आपल्याशिवाय दुसरं दार उरत नाही.

शेवटची विनंती छोटी आहे. आपल्या मंडळाची एक बैठक दिल्लीऐवजी कराडला घ्या. सकाळी हजारमाचीची प्रयोगशाळा बघा, दुपारी कोयनेच्या धरणावर चला. मुंबई-पुण्याचे हृदयशल्यविशारद, पुण्या-बंगळुरूचे गणिती आणि हैदराबादचे भूभौतिकतज्ज्ञ यांना त्याच दिवशी बोलवा आणि त्यांच्यासमोर एवढाच प्रश्न ठेवा : पंधरा वर्षं कुणी विचारणार नाही असं धरलं, तर तुम्ही एकत्र कशावर काम कराल? त्यांची उत्तरं लिहून घ्या आणि त्यातल्या दोन-तीन कामांना त्या मुदतीची मंजुरी द्या. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबला की, घाटाचा रस्ता चांगला असतो.

आपला विश्वासू,
उपयोजित गणिताचा एक निवृत्त प्राध्यापक,
कराड, जि. सातारा